पुण्यात सामाजिक उद्योग सुरू करायचाय. तो टिकायला सगळ्यात जास्त कशाची मदत होते?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडण्याआधी निधी शोधावा की चांगली माणसं. मी आधी एवढंच विचारेन: दर शनिवारी मजुरी वाटायला पैसे कुठून येणार?

2018 च्या प्लॅस्टिकबंदीनंतर मी जनता वसाहतीत कापडी पिशव्या शिवणारं छोटं युनिट सुरू केलं. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या कंपनीची दिवाळीची ऑर्डर मिळाली. रविवार पेठेतल्या कापडगंजातून उधारीवर कापड उचललं, माल वेळेत पोचवला, आणि बिल चार महिने अडकलं. आमच्याकडे शिवणाऱ्या बायकांचं घर आठवड्याच्या पैशावर चालतं: किराणा, मुलांची फी, भिशी. तिघी पुन्हा धुणीभांड्याला लागल्या. त्यातली एक कटिंगला सगळ्यात सफाईदार होती. जाताना म्हणाली, "ताई, काम चांगलंय हो, पण शनिवारी हातात काय?" त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ मिळाल्याशिवाय कापड फाडत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या ऑर्डरआधीच करा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर व्याजासकट. एप्रिल 2024 पासून आयकराचा नियमही मदतीला आलाय: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्सवाले फोन उचलतात, हा माझा अनुभव.

पुण्यातल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ'कडे जरूर बघा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 ची. तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून कामाला लागली ती 2008 मध्ये. मधली पंधरा वर्षं माणसं जोडण्यात, ओळखपत्रं मिळवण्यात गेली. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कचरा देणारं घरच दरमहा शुल्क देतं आणि संस्थेच्या मालक कचरावेचक स्वतः आहेत. देणगीदार बदलला म्हणून उद्या सकाळी दारात येणारी ताई थांबत नाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो, निधी वाईट नाही. आम्ही त्यातून दोन ओव्हरलॉक मशीन घेतली. मजुरी मात्र त्यातून कधीच देऊ नका. पुढच्या वर्षी कंपनीचा मदतीचा विषय बदलतो. पुरस्कार, स्पर्धा, इन्क्युबेटर (नव्या उद्योगांना जागा-सल्ला देणारी केंद्रं) वगैरे नंतर बघता येतं.

तुमचं काम नेमकं कशाचं आहे ते प्रश्नात नाही. पैसे कोण देणार आणि किती दिवसांनी, एवढं लिहून कळवलंत तर मी आकडे मांडून बघायला मदत करेन.