कवटी नंतर, आधी घोटा

प्रिय,

तुझा वंशवृक्ष पाहिला. एफिजिया या नामशेष सरपटणाऱ्या प्राण्याला थेट डायनासोरांच्या फांदीवर बसवलंस. दात नसलेली चोच, मोठे डोळे, लांब मान, दोन पायांवरची चाल. फसायला एवढं पुरेसं आहे. १९९३मध्ये त्याच्या जवळच्या नातलगाची, शुव्होसॉरसची, कवटी प्रसिद्ध झाली तेव्हा ती शहामृगासारख्या डायनासोरांत धरली होती. मीही वहीत तसंच उतरवून घेतलं. पाय कुठे आहेत, असं विचारलंसुद्धा नाही.

एफिजियाची गोष्ट मजेशीर आहे. न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँचमधून १९४७-४८मध्ये आणलेले, जीवाश्म असलेले प्लास्टरचे गठ्ठे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात पडून होते. आत पुन्हा सीलोफायसिस हा छोटा डायनासोरच निघणार, असं धरून कुणी ते फोडलेच नाहीत. पुढे नेस्बिट या विद्यार्थ्याने ते उघडले, आणि २००६मध्ये तो व जीवाश्मतज्ज्ञ नोरेल यांनी हा प्राणी जगापुढे आणला. अंगकाठी शहामृगासारख्या डायनासोरांची, घोटा मात्र मगरीचा. आणि ते डायनासोर तर याच्यानंतर काही कोटी वर्षांनी आले!

आता घोटा नीट बघ. नडगीखाली दोन मुख्य हाडं असतात: आतल्या बाजूला अ‍ॅस्ट्रॅगॅलस, बाहेरच्या बाजूला टाचेचं कॅल्केनियम. मगरीत अ‍ॅस्ट्रॅगॅलसची खुंटी कॅल्केनियमच्या खोबणीत बसते. अ‍ॅस्ट्रॅगॅलस नडगीला धरून राहतं, कॅल्केनियम पावलाबरोबर फिरतं. म्हणजे सांधा या दोन हाडांच्या मधून जातो. डायनासोरांत आणि पक्ष्यांत दोन्ही हाडं नडगीलाच चिकटून राहतात आणि पाऊल त्यांच्या खालून बिजागरीसारखं दुमडतं. एफिजियाच्या घोट्यात खुंटीही आहे, खोबणही आहे.

पण लगेच पेन उचलून 'मगरीचा घोटा म्हणजे मगरीची शाखा' असं लिहू नकोस. टेलिओक्रेटर हा दुसरा नामशेष प्राणी आठव. जीवाश्मतज्ज्ञ पॅरिंग्टनने १९३३मध्ये आजच्या टांझानियात त्याची हाडं गोळा केली. चॅरिग या संशोधकाने १९५०च्या दशकात प्रबंधात त्यांचा अभ्यास केला, पण त्या सांगाड्यात घोट्याची हाडंच नव्हती. ती नव्या उत्खननात सापडली आणि २०१७मध्ये कळलं, की चार पायांवर चालणारा हा मांसाहारी प्राणी पक्ष्यांच्या (म्हणजे डायनासोरांच्याही) शाखेच्या अगदी बुडाशी आहे, तरी घोटा मगरीसारखा! म्हणजे ही रचना दोन्ही शाखांच्या सामाईक पूर्वजाकडून आलेली जुनी ठेव. जुनी ठेव दोघांकडे असली म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. नवं काय घडलं आणि ते कुणाकुणात आहे, ते शोधावं लागतं. टेलिओक्रेटरला पक्ष्यांकडे ओढणाऱ्या खुणा इतरत्र आहेत, त्यातली एक कवटीच्या छतावरचा खळगा.

तेव्हा कोणत्या प्राण्यात कोणतं लक्षण आहे, हा तक्ता नव्याने मांड. हाड सापडलेलंच नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाक, 'लक्षण नाही' सांगणारं शून्य नको. तुझ्या तक्त्यात मला असली बरीच शून्यं संशयास्पद वाटली. एकेका लक्षणासमोर ते जुनं की नवं, आणि कशावरून, तेही लिही. चोचीला दहा लक्षणांत वाटून दहा मतं देऊ नकोस, तिचं एकच मत.

आणि तू पाठवलेल्या फोटोतलं कॅल्केनियम डावं की उजवं, ते लिहायचं राहिलंय. खोबण आतल्या बाजूला आणि टाचेचा उंचवटा मागे, असं धरून बघ आणि कळव.

तुझा,
सर