ग्वेल्फ आणि गिबेलिन खरंच पोप आणि सम्राटासाठी लढत होते का?

तुमचा प्रश्न रास्त आहे. मध्ययुगीन इटलीतले हे दोन तट, ग्वेल्फ पोपचे आणि गिबेलिन पवित्र रोमन सम्राटाचे, एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. पण माझ्या मते वैर बहुतेकदा गल्लीतलंच असायचं; पोप किंवा सम्राट लागायचा तो पाठीराखा म्हणून. नावंसुद्धा जर्मनीतली: वेल्फ घराणं आणि होहेनश्टाउफेन सम्राटांचा वाइब्लिंगेन किल्ला. इटालियन तोंडी बसताना त्यांची ही रूपं झाली.

फ्लोरेन्सचे जुने बखरकार तिथल्या भांडणाचं मूळ एका मोडलेल्या लग्नात सांगतात. बुओन्देलमोन्ते नावाच्या तरुणाने आमिदेई घराण्यातली ठरलेली मुलगी सोडून दोनातींची मुलगी पसंत केली. १२१६ च्या ईस्टरला पोन्ते वेक्कियो पुलाशी त्याला घोड्यावरून खाली ओढून ठार केलं. मग एकेक बडं घराणं या नाहीतर त्या तटात गेलं.

हे वैर किती खोल होतं ते ४ सप्टेंबर १२६० ला मोंतापेर्तीच्या लढाईत दिसतं. एकीकडे ग्वेल्फ फ्लोरेन्स, दुसरीकडे गिबेलिन शहर सिएना, तिच्या मदतीला सिसिलीचा होहेनश्टाउफेन राजा मानफ्रेडचे जर्मन घोडेस्वार आणि फ्लोरेन्समधूनच हाकलले गेलेले गिबेलिन. ऐन धुमश्चक्रीत फ्लोरेन्सच्याच सैन्यातल्या बोक्का देल्यी अबातीने आपल्या निशाणवाल्याचा हात तोडला. निशाण पडलं आणि सैन्याचा धीर सुटला. जिंकलेल्यांनी एंपोलीला बैठक घेऊन फ्लोरेन्स जमीनदोस्त करायचं ठरवत आणलं, तेव्हा एकटा फारिनाता देल्यी उबेर्ती आडवा आला. तो गिबेलिनांचा पुढारी खरा, पण गाव त्याचं होतं. शहर वाचलं. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस फार मोठा वाटतो.

पोप-सम्राटांचा झगडा खोटा होता असं नव्हे. सम्राट बार्बारोसाला लोंबार्दीच्या शहरांनी ११७६ मध्ये लेन्यानोला हरवलं, ते स्वतःचा कारभार राखायला, आणि पोप त्यांच्या बाजूने होता. पण पुढे फ्लोरेन्समध्ये गिबेलिन संपले तरी भांडण संपलं नाही. ग्वेल्फांतच ‘काळे’ आणि ‘पांढरे’ अशा नावांचे तट पडले. ग्वेल्फांकडून काम्पाल्दिनोच्या लढाईत लढलेला कवी दान्ते १३०२ मध्ये ग्वेल्फांच्याच हातून हद्दपार झाला.

फ्लोरेन्सला गेलात तर पालाझ्झो वेक्कियोचा, म्हणजे शहराच्या जुन्या कारभारवाड्याचा, आकार नीट पाहा, तो चौकोनात बसत नाही. बखरकार विलानी कारण देतो: शेजारी फारिनाताच्या घराण्याची, गिबेलिन उबेर्तींची, पाडलेली घरं होती, आणि त्या जमिनीवर शहराला पाया घालायचा नव्हता. ती जागा आज मोकळा चौक आहे.