मुलाने विणकाम का सोडलं?

"आवडीची गोष्ट मुलाने एकाएकी सोडून दिली, आणि आता आमच्याशी धड बोलतही नाही." मी समुपदेशक, हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. कुणाच्या घरी तबला सुटलेला असतो, कुणाच्या घरी बुद्धिबळ. या घरी विणकाम सुटलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कुटुंब नाशिकचं, मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. आई लहानपणापासून विणणारी. सहावीच्या सुट्टीत कंटाळून तो तिच्या शेजारी येऊन बसला, तिने दोन सुया हातात दिल्या आणि गंमत म्हणून सुरू झालेलं प्रकरण दोन वर्षं टिकलं. रात्री जेवणं आटोपली की सोफ्याच्या दोन टोकांना दोघं, मधे लोकरीचा गुंडा. शाळेतलं, मित्रांचं, गणिताच्या सरांचं, सगळं त्या तासाभरात बाहेर यायचं. या वयाची मुलं समोरासमोर बसवून विचारलं की गप्प होतात. हात कामात आणि नजर भलतीकडे असली की तीच मुलं भडाभडा बोलतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की माझ्या खोलीतही हाताला चाळा म्हणून काही ना काही ठेवलेलं असतं.

दिवाळीनंतर त्याने सुया ठेवून दिल्या. बोलणंही गेलं.

"शाळेत चिडवलं असणार," वडील म्हणाले. "खरं सांगू मॅडम? विणकाम सुटलं ते बरंच झालं. मुलाने लोकर घेऊन बसायचं म्हणजे... पाहुणे काय म्हणतात, मलाच माहीत. पण तो बोलेनासा झालाय, त्याचं काय?"

आई काहीच बोलली नाही. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी वडिलांनी दाखवलेल्या वाटेने निघाले. मुलगा एकटा समोर बसल्यावर त्याला धीर द्यायला टॉम डेलीची गोष्ट सांगितली. ब्रिटनचा हा डायव्हर २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या प्रेक्षकांत बसून विणत होता, सुवर्णपदक मिळाल्यावर त्याने पदकासाठी लोकरीची पिशवीसुद्धा विणली. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं.

"माहितीये. ती पिशवी मी बघितलीये."

"वर्गात कोणी चिडवतं का रे?"

"एक जण आजीबाई म्हणतो. पण त्यालाच मोबाईलचं कव्हर पाहिजे होतं माझ्याकडून."

झालं, माझी सगळी तयारी तिथेच गळून पडली. मग शेवटचं जे काही विणत होतास ते पुढच्या वेळी घेऊन ये, एवढंच त्याला म्हटलं.

त्याने दप्तरातून मफलर काढला. निफाडच्या आजीसाठी सुरू केलेला, अर्धामुर्धा. निफाडची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. करडी लोकर, ८ नंबरच्या सुया, ४४ टाके, सगळे सुलट. (आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर.) टेबलावर पसरल्यावर दिसलं की मफलरच्या कडा सरळ नाहीत, तीन ठिकाणी तो आत गेलाय, कंबरेला नाडी बांधावी तसा. त्याने माझ्या टेबलावरची पट्टी उचलली आणि आडवी लावली.

"हे माझं. २२ सेंटीमीटर." पट्टी वर सरकवली. "हे २०. हे मी नाही केलेलं."

विणणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. लोकर तीच, सुया त्याच, टाके तेवढेच, तरी हाताची ओढ माणसागणिक वेगळी. कुणी दोरा घट्ट धरतं, कुणी सैल. सुया दुसऱ्याच्या हातात गेल्या की वीण लगेच चुगली करते. आईचा हात घट्ट होता.

"आजी सगळ्यांना सांगत होती, किती छान विणतो म्हणून," तो म्हणाला. "मी विणलंच नव्हतं ते."

आईला एकटीला बोलावलं. मी विचारायच्या आधीच तिला रडू फुटलं. टाका सुटला की त्याच्या खालचे टाकेही एकेक करून उकलतात, शिडी पडत जाते. ती शिडी तिला दिसायची, त्याला दिसायची नाही. तो झोपला की ती तिथपर्यंत उसवायची, पुन्हा विणायची आणि सुया जशा होत्या तशा ठेवून द्यायची.

"माझी आई माझ्या देखत सर्रकन उसवायची, मॅडम. आठ-आठ दिवसांचं काम. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलावर ही वेळ येऊ द्यायची नाही."

तिच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण देखत उसवणाऱ्या आईवर त्या मुलीला निदान रागावता तरी येत होतं. या मुलाला रागवायलाही जागा ठेवली नव्हती.

मदत किती आणि कुठपर्यंत, यावर वूड, ब्रूनर आणि रॉस यांचा १९७६ सालचा एक निबंध आमच्या अभ्यासात असतो. तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळे जोडताना शिकवणाऱ्याने केव्हा हात लावावा आणि केव्हा मागे घ्यावा, ते त्यांनी पाहिलं. त्या मदतीला त्यांनी बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. परांची सगळ्यांना दिसते, आणि काम झालं की उतरवतात. ही आई मात्र रात्री अंधारात विटा रचून जात होती.

मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. जे केलं ते स्वतः त्याला सांगायचं, आणि सांगताना "तुझ्यासाठीच" हा शब्द काढायचा नाही. आणि त्याच्या सुयांना, त्याने म्हटल्याशिवाय, हात लावायचा नाही. वडिलांना पेरूमधल्या ताकिले बेटाबद्दल सांगितलं. तिथे टोप्या पुरुषच विणतात आणि त्या बेटाची वस्त्रकला युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. ते "असं का?" म्हणाले. फारसं पटलेलं दिसलं नाही. असो.

मफलरचं काय करायचं ते मुलाने ठरवलं. आईची पहिली ओळ लागेपर्यंत उसवायचं, म्हणजे जवळजवळ सगळाच. उसवलेली लोकर कुरळी होऊन बसते. तिची लडी करून, धुऊन, खाली वजन बांधून वाळवावी लागते. लडी करताना दोन्ही हात पुढे धरून बसायला कोणीतरी लागतं. अर्धा तास वडील बसले. आईने ते मला फोनवर सांगितलं.

बोलणं अजून पूर्वीसारखं नाही. महिन्याभराने आई आली तेव्हा म्हणाली, नव्या मफलरमध्ये बाराव्या ओळीला टाका सुटलेला तिला दिसला. ती उठून चहा टाकायला गेली. चहा घेऊन आली तर तो सुई वर धरून बघत होता.

"आई, हा उचलायचा कसा?"

तिचा हात आपोआप पुढे गेला. त्याने सुई बाजूला घेतली. मग हात ओढणीत गुंडाळून तिने नुसतं तोंडाने सांगितलं. तीनदा सांगावं लागलं.

"मॅडम, चहा गार झाला," ती म्हणाली.