“मॅडम, मला मतच नाही; मग हा विषय मी कसा शिकू?”

आधुनिक इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा सुरुवातीची तक्रार बहुतेक ठरलेली असते: वाचन झेपत नाही. थोडं बोलतं केलं की खाली दुसरंच काहीतरी निघतं. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीने मात्र ते दुसरंच आधी सांगितलं. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.

पदवीचं पहिलं वर्ष, दुसरं सेमिस्टर. खुर्चीत नीट बसायच्या आतच ती म्हणाली, “मॅडम, मला विषय बदलायचाय. मला मतच नाही.”

म्हणजे कसं, विचारल्यावर भडाभडा बोलली. वर्गात चर्चा सुरू झाली की सगळे तावातावाने भांडतात. कुणासाठी सगळी चूक अमेरिकेची, कुणासाठी रशियाची. “मी एक पुस्तक वाचते, ते पटतं. त्याला खोडून काढणारं दुसरं वाचते, तेही पटतं. खरं काय ते ज्याला ठरवता येत नाही, त्याने इतिहास शिकून काय करायचं?”

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मला ती अभ्यासाच्या ताणाची नेहमीची केस वाटली. मी झोपेबद्दल विचारलं, वेळापत्रक आखून दिलं, वाचनाचे लहान भाग पाडायला सांगितले. तिने सगळं लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांनी होती तशीच परत आली. वेळापत्रक तिने तंतोतंत पाळलं होतं. त्यामुळे वाचन वाढलं होतं, आणि वाचनाबरोबर गोंधळही.

या वेळी मी तिची वही मागितली. निबंधाचा विषय होता, शीतयुद्ध सुरू होण्याला जबाबदार कोण? चार पानांवर निबंधाची सुरुवात अकरा वेळा लिहिलेली होती आणि अकराही वेळा खोडलेली. खोडणंसुद्धा पट्टी लावून, ओळीनओळ. जवळजवळ प्रत्येक सुरुवात ‘परंतु’ या शब्दावर येऊन थांबली होती. एक तर तिथेच तुटलेली: “सोव्हिएत संघाने पूर्व युरोपात आपली सत्ता लादली, परंतु”. पुढे कोरी ओळ.

मी वही मिटली आणि विचारलं, “इतक्यात वाचलेल्यांपैकी कशाने तुझी झोप उडवली?”

“रवांडा,” ती लगेच म्हणाली. मग जवळजवळ दहा मिनिटं ती बोलत होती. आफ्रिकेतल्या या देशात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमियो डालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजीच न्यूयॉर्कला तार केली होती. शस्त्रं दडवून ठेवली आहेत, तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना मारण्याची तयारी चालली आहे असं कळवलं होतं. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव केला तो शांतिसेना कमी करून २७० माणसांवर आणण्याचा. सोमालियात १९९३ मध्ये सैनिक गमावल्यावर अमेरिका बिचकली होती, रवांडात बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने माघार घेतली होती, हेही तिने सांगितलं. काहीच झाकून ठेवलं नाही. आवाज चढला होता. शेवटी म्हणाली, “त्यांची कारणं कळतात मला. पण निर्णय चुकलाच. त्यांना कळवलेलं होतं.”

मी विचारलं, “आता जे बोललीस त्याला काय म्हणायचं?”

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “पण ते वेगळं आहे ना. ते तर दिसतंच आहे.”

ते आपोआप दिसलेलं नव्हतं. तारीख, तार, ठराव, कुणाला काय केव्हा माहीत होतं, हे सगळं तिने स्वतः जुळवलं होतं. मत त्यातून तयार झालं होतं. शीतयुद्धाच्या बाबतीत ती उलट्या बाजूने निघाली होती. आधी बाजू निवडायची आणि मग लिहायचं, असं तिने धरलं होतं, कारण वर्गात मोठ्याने बोलणारे तेच करत होते. त्याखाली एक भीतीही होती, ती नंतरच्या भेटीत बाहेर आली. एखाद्याने असं का केलं हे समजून घेतलं तर आपण त्याला माफ केल्यासारखं होईल, असं तिला वाटायचं. हा विषय शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या मनात मी ही भीती पाहिली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. जिला ती वाटते, ती मुलगी मेलेल्या माणसांचा आकडा करून टाकत नाही.

मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी स्वतः इतिहासात पदवी घेतली आहे, म्हणून तिला एक काम दिलं. दोन तारा शेजारी शेजारी ठेवून वाच, बाकी सगळी पुस्तकं आठवडाभर बंद. पहिली २२ फेब्रुवारी १९४६ ची, मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासातून जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला पाठवलेली. दुसरी त्याच वर्षी २७ सप्टेंबरची, अमेरिकेतले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोव्हिकोव्ह यांनी आपल्या सरकारला लिहिलेली.

पुढच्या वेळी तिने कागद आणला तो मधोमध रेघ मारलेला. डावीकडे केनन: सोव्हिएत राज्यकर्त्यांच्या जगाकडे बघण्याच्या मुळाशी रशियाची जुनी असुरक्षितता आहे, अमेरिकेशी कायमचं जमवून घेता येईल असं त्यांना वाटतच नाही. उजवीकडे नोव्हिकोव्ह: अमेरिकेला जगावर वर्चस्व हवं आहे, पुरावा म्हणून तिचे दूरदूरचे लष्करी तळ आणि वाढता लष्करी खर्च. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, “समोरचा करतो ती चढाईची तयारी, आपण करतो ते संरक्षण. दोघंही असंच धरून चाललेत.”

एका देशाने सुरक्षेसाठी जमवलेल्या बळामुळे दुसरा देश असुरक्षित होतो, हा ‘सुरक्षा पेच’ तिने आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरसाठी पाठ केला होता. जॉन हर्झ या अभ्यासकाने १९५० मध्ये मांडला, हेही. आता तो तिला कागदावर सापडला होता. त्याच कागदाच्या कोपऱ्यात तिने आणखी एक ओळ लिहिली होती: “पण यामुळे पूर्व युरोपातली जबरदस्ती पुसली जात नाही.” मी तिला दाखवलं, हाही एक ‘परंतु’च आहे. या वेळी तो ओळीच्या सुरुवातीला आला होता आणि ओळ पुरी झाली होती.

पुस्तकं एकमेकांना का खोडतात, याबद्दलही बोललो. १९५९ मध्ये अमेरिकन इतिहासकार विल्यम ॲपलमन विल्यम्स यांनी शीतयुद्धाचं कारण शोधताना अमेरिकेच्या आर्थिक विस्ताराकडे बोट दाखवलं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्या मांडणीला जोर आला. १९७२ मध्ये दुसरे अमेरिकन इतिहासकार जॉन लुईस गॅडिस यांनी दोष एकाच बाजूवर टाकायचं टाळलं. पुढे सोव्हिएत दप्तरखाने काही प्रमाणात उघडले आणि १९९७ मध्ये त्याच गॅडिस यांनी स्टालिनच्या वाट्याला बरीच जास्त जबाबदारी दिली. “म्हणजे त्यांनी मत बदललं?” तिने विचारलं. तिला धक्का बसला होता, आणि मला वाटतं हायसंही वाटलं होतं. त्या दिवसापासून ती पुस्तक उघडलं की आधी तीन गोष्टी बघायला लागली: कधी लिहिलंय, लेखकाला कोणते कागद बघायला मिळाले होते, आणि तो कुणाशी भांडतोय. प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण आधी वाचायचं, मधलं प्रश्नापुरतं. रीडिंग लिस्ट निम्म्यावर आली नाही, पण तिचा धाक गेला.

मध्यंतरी तिच्या संमतीने तिच्या बाबांशीही बोलले. त्यांचा प्रश्न साधा होता, हे शिकून पुढे काय? परराष्ट्र सेवा, पत्रकारिता, कायदा, धोरण संशोधन, मदत संस्था, दप्तरखाने, अध्यापन; वाटा आहेत, पण पदवीच्या कागदावर नोकरी ठेवलेली नसते, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सोबत एक परकी भाषा पक्की करावी आणि आकडेवारी वाचता यावी, एवढा आग्रह मी धरला. “भाषा शिकेल ती,” ते म्हणाले. तेवढ्यावर आमचं जमलं.

निबंध तिने दिला. परत आल्यावर मला दाखवायला घेऊन आली. सुरुवात अशी होती: “१९४६ मध्ये दोन मुत्सद्द्यांनी आपापल्या सरकारला सांगितलं की धोका समोरून आहे, आणि दोघांचंही म्हणणं ऐकलं गेलं.” गुण ठीकठाक होते. दुसऱ्या पानाच्या समासात शिक्षकांनी लाल पेनाने एवढंच विचारलं होतं, “मग पोलंडचं काय?”

मला वाटलं, आता पुन्हा घाबरेल. तिने पुढच्या मंगळवारची भेट त्याच्या पुढच्या आठवड्यात ढकलता येईल का विचारलं. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडबद्दल नेमकं काय कबूल झालं होतं ते तिला आधी बघायचं होतं.