लॉस एंजेलिसमध्ये सिटी अटर्नीची निवडणूक कशी होते? तो नेमकं काय करतो?

हा शहराचा निवडून आलेला वकील. महापौर, नगर परिषद आणि शहराच्या खात्यांना कायदेशीर सल्ला देणं, शहरावरचे दावे लढवणं आणि किरकोळ गुन्ह्यांचे खटले चालवणं ही त्याची कामं. खून, दरोडा त्याच्या हातात नाही. ते काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) डिस्ट्रिक्ट अटर्नीकडे, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलाकडे. मतदारांची गल्लत इथेच होते, म्हणून 'खुनी तुरुंगात टाकू' म्हणणाऱ्या उमेदवाराला आधी अधिकार विचारा.

मुदत 4 वर्षं, जास्तीत जास्त दोनदा. जूनच्या प्राथमिक फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत नोव्हेंबरमध्ये लढत. 2022 मध्ये तसंच झालं: हायडी फेल्डस्टीन सोटो यांनी फैसल गिल यांना हरवलं. मतपत्रिकेवर पक्ष नसतो. नावाखाली फक्त व्यवसाय असतो. तेवढ्यावर ठरवू नका, शहराविरुद्धचे दावे कधी मिटवणार आणि कधी लढणार हे विचारा. नुकसानभरपाई शेवटी करदात्यांच्याच खिशातून जाते.

मतपत्रिका टपालाने घरी येते. परतीच्या पाकिटावर सही विसरू नका, सहीशिवाय मत मोजत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना मताधिकार नाही, नागरिकत्व लागतं.