दहा हजारांत कोणता मॉनिटर घ्यावा?

प्रश्न : मी लालबागला राहते आणि चार सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब घरून पाहते. दिवसाचे सहा-सात तास एक्सेलमध्ये जातात. शिवाय सूचना, थकबाकीची पत्रे आणि सभांची इतिवृत्ते मराठीत टाइप करावी लागतात. हे सारे १४ इंची लॅपटॉपवर करून मान आणि डोळे दोन्ही दुखू लागले आहेत. दहा हजार रुपयांपर्यंत मॉनिटर घेण्याचा विचार आहे. लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली, तेव्हा थोडे पैसे वाढवून २४ ऐवजी २७ इंची घ्या, असा आग्रह दुकानदाराने धरला. माझे टेबल दोन फूट खोल आहे, खिडकी पश्चिमेला आहे आणि मी प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरते. कोणता घ्यावा?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आपण २४ इंचीच घ्यावा. आपण ठरवलेल्या रकमेच्या आसपास मिळणाऱ्या २४ आणि २७ इंची मॉनिटरांचे पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, सारखेच असतात : आडवे १९२० आणि उभे १०८०, ज्याला बाजारात फुल एचडी म्हणतात. तेवढेच पिक्सेल मोठ्या पडद्यावर पसरले की विरळ होतात. २४ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात, २७ इंचीवर सुमारे ८२. म्हणजे जास्त पैसे मोजूनही आपल्याला एक्सेलची एकही ओळ जास्त दिसणार नाही. त्याच ओळी थोड्या मोठ्या आणि कडांना खडबडीत दिसतील.

रोमन लिपीतील मजकुराला हा फरक एक वेळ चालून जातो, देवनागरीला तो अधिक जाणवतो. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात आणि मधल्या पट्टीत जोडाक्षरे दाटीने बसलेली असतात, त्यामुळे टंकाचा आकार तोच ठेवला तरी अक्षराच्या मुख्य भागाच्या वाट्याला कमी पिक्सेल येतात. घ आणि ध, म आणि भ यांतला भेद तर डावीकडच्या वरच्या टोकाशी असलेल्या एका बारीक वळणावर अवलंबून असतो. मुद्रिते तपासण्यासाठी मी हे दोन्ही आकाराचे फुल एचडी पडदे वापरले आहेत. २७ इंचीवर दहा-अकरा पॉइंटच्या टंकातला सुटलेला अनुस्वार शोधण्यासाठी मजकूर दर वेळी मोठा करून पाहावा लागे. ज्यांचे निम्मे काम मराठी पत्रांचे आहे, त्यांनी ही गोष्ट किमतीइतकीच महत्त्वाची मानावी. २७ इंचीच हवा असेल, तर तो २५६० गुणिले १४४० पिक्सेलचा असावा. त्यात इंचाला सुमारे १०९ पिक्सेल येतात आणि अक्षरे उत्तम दिसतात, परंतु त्याची किंमत आपल्या मर्यादेच्या बरीच पुढे जाते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपला लॅपटॉप फुल एचडी असेल, तर त्याच्या १४ इंची पडद्यावर इंचाला १५७ पिक्सेल आहेत, म्हणून नवा मॉनिटर पहिल्या दिवशी थोडा भरड वाटेल. तो हाताच्या अंतरावर, म्हणजे डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर ठेवल्यास हा फरक बराच कमी होतो आणि दोन फुटी टेबलावर ते सहज जमते.

पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा भाग, तीन प्रकारचे मिळते : आयपीएस, व्हीए आणि टीएन. त्यांतले आयपीएस घ्यावे. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग अधिक गडद दिसतो, तो चित्रपटांसाठी चांगला. टीएन पॅनेल बाजूने किंवा खालून पाहिले की रंग पालटते. आयपीएस पडदा मात्र सचिव आणि खजिनदार शेजारी बसून ताळेबंद पाहत असले, तरी तिघांनाही सारखाच दिसतो. पडद्याचा पृष्ठभाग मॅट असावा. खिडकी पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतरचे ऊन थेट पडद्यावर किंवा थेट डोळ्यांवर येऊ नये, यासाठी टेबल असे लावावे की खिडकी आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला राहील. २५० निट्सची (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) प्रखरता घरातल्या कामाला पुरते. बहुतेक मॉनिटर दुकानातून येतात ते डोळे दिपतील इतक्या प्रखरतेवर ठेवलेले असतात. शेजारी धरलेला पांढरा कागद आणि पडदा सारखे उजळ दिसतील इतपत ती कमी करावी.

आता मानेविषयी, कारण मूळ तक्रार तीच आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, असा सर्वसाधारण नियम आहे आणि स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलत असल्यामुळे अनेक जण त्याखाली पाट किंवा जाड पुस्तके ठेवून तो नियम पाळतात. आपण मात्र तसे लगेच करू नये. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे पडदा उंच ठेवला की अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून माणूस नकळत हनुवटी वर करतो आणि मान पुढे वाकण्याऐवजी मागे वाकून दुखू लागते. आपण मॉनिटर त्याच्या मूळ उंचीवरच ठेवावा, थोडा मागे कलवावा आणि आठवडाभर काम करून पाहावे. तरीही हनुवटी वर जात असेल, तर नेत्रतज्ज्ञांना पडद्याचे अंतर मोजून सांगावे आणि केवळ संगणकासाठी वेगळा एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. रोज सहा-सात तास काम करणाऱ्या व्यक्तीसाठी तो खर्च सार्थकी लागतो. मॉनिटरच्या पाठीला १०० गुणिले १०० मिलिमीटर अंतरावर चार स्क्रूंची छिद्रे असल्याची खात्री तेवढी करून घ्यावी, म्हणजे पुढे गरज वाटल्यास टेबलाच्या कडेला घट्ट बसणारा, मॉनिटर धरून ठेवणारा हात (मॉनिटर आर्म) लावून उंची हवी तशी बदलता येईल.

पडदा वक्र असणे, आतील स्पीकर आणि १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० वेळा चित्र बदलण्याच्या) पुढचा वेग, यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. निळ्या प्रकाशाची भीती घालून विकल्या जाणाऱ्या काचांचीही गरज नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था संगणकासाठी तसे चष्मे वापरण्याची शिफारस करत नाही. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे.

लॅपटॉपला एचडीएमआय केबलनेच जोडावे. घेताना दुकानातच मॉनिटर सुरू करायला लावून पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि लाल, हिरवा, निळा असे पडदे पाहावेत. एखाद-दुसऱ्या मेलेल्या, म्हणजे कायमच्या बंद पडलेल्या, पिक्सेलसाठी अनेक कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत. वॉरंटी तीन वर्षांची असावी. मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी असतो; आपली व्यावसायिक नोंदणी असल्यास बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे त्या कराची वजावट मिळू शकेल. बिलाशिवाय स्वस्त देतो, असे कोणी म्हटल्यास नकार द्यावा, कारण पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : घरी ३२ इंची जुना टीव्ही पडून आहे. मुलुंडच्या आमच्या छोट्या कार्यालयात तो मॉनिटर म्हणून वापरावा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : लेखनकामासाठी वापरू नये. ३२ इंची टीव्ही बहुधा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचे असतात. म्हणजे इंचाला जेमतेम ४९ पिक्सेल. शिवाय अनेक टीव्ही चित्राच्या कडा कापतात आणि रंगांची माहिती कमी करून दाखवतात, त्यामुळे रंगीत अक्षरांच्या कडा पुसट होतात. बैठकीत सर्वांना एखादा तक्ता दाखवण्यासाठी तो भिंतीवर अवश्य लावावा.

प्रश्न : मोठ्या कार्यालयांनी काढून टाकलेले मॉनिटर दुरुस्त करून निम्म्या किमतीत विकले जातात. ते घेणे शहाणपणाचे आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नीट पारखून घेतले, तर आहे, किंबहुना कमी पैशांत चांगला स्टँड मिळवण्याचा हाच मार्ग आहे. कार्यालयांसाठी बनवलेले मॉनिटर बहुधा वर-खाली होतात, वळतात आणि उभेही करता येतात. त्यांतले काही, उदाहरणार्थ डेलचा यू२४१२एम, १९२० गुणिले १२०० पिक्सेलचे आहेत. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेल उंच असते, म्हणजे उंचीत मिळालेल्या १२० जादा पिक्सेलमध्ये हिशेबाच्या सहा ओळी अधिक दिसतात, आणि ही सोय नव्या स्वस्त मॉनिटरांत सहसा मिळत नाही.

मात्र अशा जुन्या मॉनिटरला एचडीएमआय असेलच असे नाही. यू२४१२एमला ते नाही. डीव्हीआय, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए ही केबल जोडण्याची इतर प्रकारची तोंडे आहेत. मॉनिटरवर डीव्हीआय असेल, तर एचडीएमआय ते डीव्हीआय ही साधी केबल चालते. डिस्प्लेपोर्टमध्ये जोडायचे असेल, तर मध्ये सिग्नल बदलणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो, साध्या केबलने चित्र येत नाही. व्हीजीएवर समाधान मानू नये, त्यात अक्षरे पुसट होतात. पडद्यामागचा प्रकाश एलईडीचा आहे ना, हे विचारावे, कारण त्याआधीच्या ट्यूब असलेल्या पडद्यांचा पांढरा रंग वर्षांनुवर्षांच्या वापराने पिवळा पडलेला असतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायला सांगावे, तोवर मराठीतले एखादे दाट मजकुराचे पान उघडून चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचून पाहावीत, आणि निदान सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्यावी.