आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून पहिल्यांदाच क्रूझला जातोय. तयारी आणि बॅगा भरताना काय सांभाळावं?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून सिंगापूर, तिथून पेनांग (मलेशिया) आणि फुकेत (थायलंड) अशी चार रात्रींची बोट, सोबत सत्तरीचे आई-बाबा, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही मुलुंडहून सासू-सासऱ्यांना घेऊन हाच फेरा केला होता, म्हणून लिहिते.

बोटीवर आपली बॅग दोनदा आपल्या ताब्यातून जाते, पहिल्या दुपारी आणि शेवटच्या रात्री. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. धक्क्यावर मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या देऊन टाकायच्या, त्या केबिनच्या दाराशी येतात काही तासांनी. आमच्या आल्या संध्याकाळी सातला, आणि अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, जेवणाआधीची शुगरची गोळी त्यातल्याच एका बॅगेत. बोटभर लांबीच्या पट्टीसाठी मी तीन मजले वर-खाली केले. तेव्हा सगळी औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी (त्यात औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, फक्त ब्रँडचं नको), पासपोर्ट, चष्मा, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा. पॉवर बँकही त्यातच. विमानात ती चेक-इन सामानात चालत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. अण्णा शिस्तीचे. त्यांनी सगळं घडी घालून भरलं, कुलूप लावलं, बॅग बाहेर ठेवली आणि झोपले. सकाळी अंगावर बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा! पासपोर्टवरच्या फोटोत टाय लावलेला हा माणूस सिंगापूरच्या इमिग्रेशनला माझ्या नवऱ्याचा क्रिकेटचा टीशर्ट घालून उभा होता.

आता कागदपत्रं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने हवी. बोट सिंगापूर सोडून परत सिंगापुरातच येते, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, ते बघा. मलेशिया-थायलंडचे नियम बदलत असतात, बोटीच्या कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बाहेर पडा. आणि विमान आदल्या दिवशीचं घ्या. विमान रखडलं म्हणून बोट थांबत नाही.

विमा काढताना बोटीवरचे उपचार धरलेत का आणि आई-बाबांचं बीपी-शुगर नमूद केलंय का, हे विचारा. बोटीवरच्या डॉक्टरांचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, तेही परकीय चलनात.

दिवाळी आहे म्हणून मुद्दाम सांगते: अनारसे नेऊ नका. सिंगापुरात खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. च्युइंगगम, व्हेप (ई-सिगारेट) हेही नकोच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर आधी तिथली परवानगी लागते. बाकी घरचं खाणं बहुतेक बोटी आत नेऊ देत नाहीत. आम्ही बंद पाकिटातली बाकरवडी नेली, ती चालली. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच कळवा.

इस्त्री, किटली, उदबत्ती, निरांजन हे सगळं बोटीवर चढतानाच काढून घेतात, कारण समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची. सासूबाईंनी देव्हाऱ्यातला छोटा गणपती नेला होता, त्याला नुसता नमस्कार. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक घेऊन जा. टोप्या, पिशव्या, ओले कपडे अडकवायला एवढी कामाची दुसरी वस्तू नाही. आत एसी कडाक्याचा असतो, आई-बाबांसाठी शाल आणि स्वेटर हवेच. पोहायला नायलॉनचे कपडे घ्या, सुती कपड्यांत स्विमिंग पूलमध्ये उतरू देत नाहीत.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते, ती टाळू नका. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आपटली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. सासूबाईंचं माहेर अलिबागकडचं. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट 17 जुलै 1947 ला बुडाली, ती गोष्ट ऐकतच त्या वाढल्या. त्यांनी केबिनमधली लाइफ जॅकेटं दोनदा मोजली आणि मगच पलंगावर टेकल्या. मी हसले नाही.

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, सोबत आलेपाक ठेवा. केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची मिळाली तर हेलकावे कमी लागतात. फोन बोटीवर एअरप्लेन मोडवरच ठेवा, समुद्रातलं नेटवर्क खिसा रिकामा करतं. माणशी रोजची टिप बऱ्याचदा आपोआप बिलात लागते, तेवढी बजेटमध्ये धरा.

फुकेतला मोठी बोट धक्क्याला लागणार की लहान होडीतून किनाऱ्यावर नेणार, हे आधी विचारून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना हलत्या होडीत उतरणं जड जातं. अण्णा उतरलेच नाहीत. आम्ही उन्हात भाजून परतलो, तेव्हा ते रिकाम्या डेकवर पेपर तोंडावर घेऊन घोरत होते.